मांजरपाटाच्या पिशवीतली माती

अण्णा,

काल मी तुझ्या शेतात उभी राहून तुझ्याशी मोठ्यानं भांडले. शेजारच्या शेताचा आप्पा बांधावरून चालला होता. त्यानं ऐकलं असणार, कारण एरवी दहा प्रश्न विचारणारा माणूस मान खाली घालून पुढं गेला. गेलेल्या भावाशी कापलेल्या भाताच्या धसकटांत उभं राहून भांडणारी बाई त्याला वेडीच वाटली असेल. वाटू दे.

तुला जाऊन महिना होत आला. घरी लोक अजून येतात, वहिनीजवळ बसतात, तू किती सरळ होतास, कुणाला उलटून बोलला नाहीस, असं सांगतात. मी मान हलवते. तू चांगला होतास हे मला बाहेरच्यांनी सांगायला नको. तुझ्या सायकलच्या दांड्यावर बसून मी हायस्कूलला गेले, तुझी शाळा सुटली म्हणून माझी सुरू राहिली, हे मला माहीत आहे. पण तू किती हट्टी होतास आणि त्या हट्टानं माझी सात वर्षं कशी जाळलीस, हे त्यांच्यातलं कुणीच सांगत नाही. ते मलाच सांगावं लागणार.

तुला ती पिशवी आठवते का? मला परवापासून दुसरं काही आठवत नाही.

कूळकायद्यात दोन एकर आपल्या नावावर झाली ते वर्ष. ज्या शेतात आपला बा दुसऱ्याचं भात कापत म्हातारा झाला, त्या शेताच्या उताऱ्यावर तुझं नाव चढलं. तू तो उतारा मला दाखवायला बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या खोलीवर घेऊन आलास. सगळा कानडीत. तुला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं, तरी आपलं नाव कुठं आहे ते तू बोट ठेवून बरोबर दाखवलंस. त्याच वर्षी मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत लागले होते. आपल्या वस्तीतली सरकारी हापिसात बसणारी पहिली मुलगी, आणि वस्तीतली पहिली स्वतःची जमीन. आपल्या दोघांचीही डोकी तेव्हा जरा वर गेली होती, हे आता कबूल करू.

मी म्हणाले, अण्णा, मातीचा नमुना दे, आपण तपासू. नमुना कसा घ्यायचा तेही सांगितलं. शेतभर नागमोडी चालायचं, आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, प्रत्येक खड्ड्यातली थोडी थोडी माती एकत्र करायची. बांधाजवळची नको, झाडाखालची नको, खताचा ढीग असतो तिथली तर अजिबात नको. तू "व्हय व्हय" म्हणालास. तुझं ते दोनदा व्हय म्हणजे ऐकलेलं नाही, हे लहानपणापासून माहीत असूनही मी चहा ठेवायला उठले.

आठवड्यानं तू हापिसात आलास. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि हातात मांजरपाटाची नवी कोरी पिशवी. खडेबाजारातून कापड आणून वहिनीकडून खास शिवून घेतली होतीस. लोक जुन्या खताच्या पोत्याच्या तुकड्यात माती बांधून आणतात, आणि तू लग्नाचा आहेर आणावा तशी ती दोन हातांनी माझ्या टेबलावर ठेवलीस. माती काळीभोर, भुसभुशीत, चाळलेली. हातात घेतली तर दह्याच्या कवडीसारखी मऊ फुटत होती. तिच्यात कुजलेल्या काडाचा एक बारीक तुकडा होता. मी तो चिमटीत धरला, बघितला, आणि टाकून दिला.

तो तुकडा मी का टाकला, अण्णा? दुसऱ्या कुणाची पिशवी असती तर मी विचारलं असतं, ही माती कुठली? माझं कामच होतं ते. पण ती आपली होती.

नळीत औषध घालून माती मिसळली की रंग येतो. जितका हिरवा, तितका मातीत कुजलेला पालापाचोळा, शेण, जीव जास्त. आपल्या नळीला असा हिरवा आला की साहेबांनी ती उजेडाकडं धरली आणि कानडीत विचारलं, कुणाचं शेत हे? मी म्हणाले, आमचं. त्या इमारतीत हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. सेंद्रिय भाग जास्त, असं मी माझ्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली.

त्या रविवारी गावी येऊन मी तो कानडी कागद पारावर सगळ्यांना मराठीत वाचून दाखवला. आपल्या जमिनीत भरपूर कस आहे, आता फक्त थोडा युरिया पुरे, मेंढरं बसवायचं कारण नाही. दरवर्षी सुगी झाली की धनगरमामाचा कळप आपल्या शेतात चार दिवस बसायचा, लेंड्या आणि मुतानं रान भिजायचं. बा दुसऱ्याच्या शेतात राबायचा तेव्हापासूनची ती रीत. तू मला दोनदा विचारलंस, मेंढरं नाही बसवली तर चालेल का? दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी चिडले. म्हणाले, मी शिकले ते कशाला मग? धनगरमामा बांधापलीकडं आप्पाच्या शेतात कळप घेऊन गेला. उकिरड्याच्या शेणाच्या वहिनीनं शेणी थापल्या, आणि चुलीला जळण झालं म्हणून तीही खूश होती.

पहिली दोन वर्षं माझा कागद खरा ठरला. युरियानं भात असं हिरवं झालं की येणारे जाणारे थांबून बघायचे. तू मला पोतंभर बासमती घेऊन टिळकवाडीला आलास. मी भात शिजवायला ठेवला की घरमालकीणबाई वासावर पायरीपर्यंत यायच्या आणि "सुमनताई, भावाचा तांदूळ आला वाटतं" म्हणायच्या. मी वाटीभर द्यायची. त्या वाटीचा मला केवढा तोरा होता.

तिसऱ्या वर्षी पाऊस बिघडला. आपल्याकडं भात कोरड्यातच पेरतात, रोहिणीच्या सुमाराला पेरायची कुरी धरायची आणि मिरगाची वाट बघायची. त्या वर्षी मिरगानं नुसतं तोंड दाखवलं. उगवण झाली आणि आभाळ वाळलं. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. मी आले तेव्हा आपल्या शेतात पायाची बोटं जातील एवढ्या भेगा होत्या. वरची माती पापडासारखी धरलेली आणि रोपं गवतासारखी पिवळी. बांधापलीकडं आप्पाचं भात मात्र मान खाली घालून का होईना, हिरवं उभं होतं. मग पुढच्या नक्षत्रात आला तो असा आला की महिन्याचा पाऊस दोन दिवसांत ओतून गेला. आप्पाच्या रानानं तो पिऊन घेतला. आपली माती पाण्याबरोबर ओढ्याला गेली.

त्या बांधावर आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी म्हणाले, अण्णा, माती बिघडली. तू म्हणालास, पाऊस बिघडला. मी विचारलं, हातभर बांधाच्या दोन बाजूंना दोन पाऊस पडतात का?

"पडत्यात," तू म्हणालास. "तू हापिसात बसून काय बघतीस?"

मी परतीची बस धरली. दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही.

मीही काही कमी नव्हते. पुढच्या खेपेला मी हापिसातून बेळगावच्या पावसाचे आकडे वहीत उतरवून आणले. तुला दाखवलं की बाबा, बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट वेगळी, पण आता वर्षाचा पाऊस जवळजवळ तेवढाच पडतोय. तू वही परत माझ्या हातात दिलीस.

"वर्साचा पाऊस मला एकदम प्याचा हाय व्हय गं? भाताला रोज लागतंय."

तेव्हा मला राग आला. आज सांगते, तुझं खरं होतं. वळीव वेळेवर नाही, मिरगाचा भरवसा नाही, पुनर्वसूचा तरणा पाऊस कोरडा आणि पुष्याचा म्हातारा आला की आठवड्याचं एका दिवसात, हे तू बोटांवर मोजून सांगायचास आणि मी शेतकऱ्याची रडगाणी म्हणून सोडून द्यायची. आता आमचे साहेबसुद्धा म्हणतात की पावसाची चाल बदललीय. बेरीज तीच, वाटणी बदलली. ते म्हटल्यावर मी वहीत लिहून घेतलं. तू सांगत होतास तेव्हा लिहून घेतलं नाही, याची मला लाज वाटते.

पण अण्णा, म्हणून तर माझंही खरं होतं ना? रोजचा पाऊस रोज येईनासा झाला तर मधल्या कोरड्या दिवसांत भाताला पाणी देणार कोण? मातीच. कुजलेल्या खताची माती पाणी धरून ठेवते आणि रोज थोडं थोडं सोडते. तुझा पाऊस आणि माझी माती हे एकच भांडण होतं. आपण दोघं एकाच बैलाला दोन बाजूंनी ओढत बसलो आणि बैल तिथंच उभा राहिला. सात वर्षं.

मी काय काय सांगितलं नाही तुला? परत मेंढरं बसव म्हणाले. तू म्हणालास, कागदात जास्त लिहिलंय ना. मी म्हणाले, कागद जुना झाला, परत माती दे, परत तपासते. तू म्हणालास, "एकदा दिलीया माती. सारखी सारखी दाखवायला ती काय लग्नाची पोरगी हाय?" निदान शेणखत टाक म्हणाले, तर विषय बदलून संकेश्वरकडच्या उसाचं बोलायला लागलास. एकदा मी स्वतःच खुरपं घेऊन शेतात निघाले तर तू वाटेत आडवा झालास. जेवायची वेळ झालीय म्हणालास. सकाळचे दहा वाजले होते.

तांदळाचा वास गेला. तू पुढंही दरवर्षी घेऊन यायचास, पोत्याऐवजी पिशवी, मग लहान पिशवी. भात शिजायचा, घरमालकीणबाई घरातच असायच्या, पण पायरीवर कुणी येत नव्हतं. तू जेवताना दाराकडं बघायचास. तू बघायचास ते मी बघायची. आणि आपण दोघंही, यंदा पाऊस नव्हता, एवढंच बोलायचो. बासमती सोडून तू शेवटी इंटाण हे बिनवासाचं भात पेरलंस. मी काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं, पण मी तुझ्या हट्टाला कंटाळले होते. खरं सांगते, गेल्या वर्षी तर मी ठरवलंच होतं की जाऊ दे, त्याचं शेत, त्याचं नशीब.

परवा धनगरमामा भेटायला आला. घोंगडं बाजूला ठेवून बसला, पाणी प्याला, मग म्हणाला की उन्हाळ्यात तू त्याला संकेश्वरच्या बाजारात भेटला होतास. यंदा सुगी झाली की कळप घेऊन ये, असं सांगितलं होतंस. आता काय करू, यायचं का नको, एवढं विचारायला तो आला होता.

सात वर्षं माझ्याशी भांडलास आणि सांगावा धाडलास तो धनगराला? मला एक शब्द नाही? तो गेल्यावर मी वहिनीला विचारलं. ती भाकरी थापत होती. तिला वाटलं मला ठाऊक असणार, म्हणून ती सहज बोलून गेली.

"ती माती सगळ्या शेतातली कुठं हुती? कोपऱ्यात खताचा ढीग पडायचा न्हवं का वर्सभर, तिथली. मीच चाळून दिलती. ह्ये म्हनलं, भनीच्या हापिसात जानार आपली माती, चांगली नको व्हय?"

मी म्हणाले, वहिनी, मी त्याला सांगितलं होतं की ढिगाजवळची नको.

वहिनी म्हणाली, हो, तेही तू तिला सांगितलं होतंस. आणि वर म्हणाला होतास की दवाखान्यात रक्त बोटातलं काढतात, म्हणून काय ते बोटाचंच असतं? शेत एक, तर माती एकच. कोपऱ्यातली काय आणि मधली काय.

भेगा पडल्या त्याच वर्षी तुला उमगलं होतं. भेगा सगळ्या रानाला आणि कोपरा तेवढा ओलसर, हिरवागार. तू वहिनीला बोलावून दाखवलंस म्हणे. मग का नाही सांगितलं, असं मी विचारलं तेव्हा वहिनीनं तवा खाली उतरवला.

"ह्ये म्हनलं, कागदावर सुमनची सही हाय. समदं गाव तिच्या कागदावर चालतंय. तिचा पयला कागद खोटा निघाला म्हनून कळलं तर तिला कोन इचारनार? आपली पोर म्हनून आधीच लोकं टपून बसल्यात. पावसाला काय, कुनी बी नावं ठेवतंय. त्याची नोकरी जात न्हाय."

आणि या उन्हाळ्यात माझी बढती झाली. तू पेढे घेऊन आला होतास. त्याच आठवड्यात तू संकेश्वरला जाऊन धनगरमामाला गाठलंस. सुमन आता मोठी झाली, आता तिला कोण काय म्हणणार, असं वहिनीला म्हणालास.

मला रडू आलं नाही, अण्णा. मला तुझा इतका राग आला की मी ताटावरून उठले. तू मला एवढं कच्चं समजलास? "सुमन, तुझा कागद चुकला," चार शब्द. तू ते म्हणाला असतास तर मी चिडले असते, रुसले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी खुरपं घेऊन शेतात उभी राहिले असते. साहेबांसमोर जाऊन सांगितलं असतं की नमुना चुकला. फार तर एक मेमो आला असता. त्या एका मेमोपासून मला वाचवायला तू दोन एकर रान वाळवलंस, तांदळाचा वास घालवलास, आणि पारावर सगळ्यांकडून पावसाचा रडगाण्या म्हणून हसं करून घेतलंस. मीही हसले होते त्यात. हे तू मला करायला लावलंस.

आणि मी? माझी चूक मी तुझ्यावर ढकलत नाही. काडाचा तुकडा माझ्या चिमटीत होता.

म्हणून काल शेतात भांडले. भांडून झाल्यावर आप्पाच्या दारात गेले आणि त्याला सगळं सांगितलं. तुला आवडणार नाही, माहीत आहे. तू सात वर्षं झाकलेलं मी एका बैठकीत उघडं केलं. माझा कागद चुकीचा होता, माती कोपऱ्यातली होती, आणि हे मी रविवारी पारावर सगळ्यांना सांगणार आहे. आप्पा ऐकून घेत तंबाखू मळत राहिला. मला वाटलं आता हा हसणार.

"माझी बी घरामागल्या परड्यातलीच दिलती," तो म्हणाला. "समद्यांनी तसलीच दिली, सुमन. चार शिकल्याली मानसं बघनार, वाईट माती कोन दील?"

गावातले किती कागद माझ्या हातून गेले असतील, तेवढं मी मनात आठवत होते. मग त्याला विचारलं, तुझ्याही कागदात जास्तच आलं असेल, मग तू मेंढरं का बंद केली नाहीस?

"कागद परड्याचा हुता, ते मला ठावं हुतं. घडी घालून ठिवला. अण्णाला बी म्हनलो हुतो तसं. तर मला म्हनला, माझ्या भनीनं लिवलंय, ते खोटं कसं असंल?"

म्हणजे सगळ्या गावात माझ्या कागदावर मनापासून विश्वास ठेवणारा तू एकटाच होतास. आणि तो खोटा आहे हे कळल्यावर तो खरा ठेवायला झटणाराही तूच.

हे ऐकून मी तशीच घरी आले. आभार मानू की भांडू, ते मला अजून कळत नाही. दोन्ही करते. तू मला शिकवलंस, सायकलवरून नेलंस, पहिला कागद माझ्याकडून घेतलास, याचं ऋण माझ्यावर आहे. पण मला खरं न सांगण्याचा अधिकार तुला कुणी दिला नव्हता. हे भांडण मिटलेलं नाही, मिटणारही नाही, कारण उत्तर द्यायच्या वेळी तू निघून गेलास. ही तुझी जुनीच खोड.

धनगरमामाला मी ये म्हणून सांगितलंय. परवा कळप बसेल. त्याआधी नमुना घ्यायला हवा, म्हणून आज सकाळी मी शेतात गेले. वहिनीनं ट्रंकेतून ती मांजरपाटाची पिशवी काढून दिली. मी परत केली होती त्या दिवसापासून तिनं धुऊन, घडी घालून ठेवली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी चालले, आठ खड्डे घेतले. माती करडी, ढेकळांची, बोटांत धरली तर पिठासारखी निसटणारी. एकाही खड्ड्यात गांडूळ दिसलं नाही. नळीला हिरवा रंग येणार नाही, तपासायच्या आधीच सांगते. तुझा कोपरा मात्र अजून काळा आहे. त्याच्याजवळ थोडा वेळ बसले, हात लावला, आणि उठले.

मग बांधावर बसून पेन्सिलीनं चिठ्ठी लिहिली. शेतकऱ्याचं नाव विचारतात तिथं तुझंच लिहिलं, उतारा अजून तुझ्या नावावर आहे. खाली नमुना घेणारीचं नाव लिहून सही केली. आमच्या फॉर्मात नमुना कुठून घेतला हे विचारायला जागाच नाही, म्हणून चिठ्ठी उलटी करून मागं लिहिलं: आठ ठिकाणची माती, कोपरा सोडून.